त्याचे की माझे?

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा तास ही मास्तरांची कसोटी असते. मुलांचे शरीर वर्गात असते आणि मन केव्हाच एस.टी.च्या रांगेत जाऊन उभे राहिलेले असते. अशा तासाला मी 'स्मृतिचित्रे' काढतो. लक्ष्मीबाई टिळक बोलू लागल्या की झोपाळू मूलसुद्धा सावरून बसते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

यंदाही तेच केले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले, हा भाग चालला होता. वर्ग अगदी शांत होता. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो तोंड उघडतो ते जांभई देण्यासाठी. तो म्हणाला, "सर, मिशनरी लोक आपल्या धर्माला नावं ठेवत होते, हे सगळ्या पुस्तकांत असतं. पण आपल्या माणसांनी त्यांना उलट काही विचारलंच नाही का? सगळे नुसते ऐकतच बसले?"

तेवढ्यात घंटा झाली आणि वर्ग दाराकडे धावला. प्रश्न माझ्याजवळ राहिला. उत्तर सुट्टीनंतर द्यायचे आहे. तोपर्यंत ते वाचकांपुढे एकदा मांडून पाहावे, असा विचार आहे. कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर पुस्तकात आहे आणि उरलेले अर्धे माझ्या घरात.

पुस्तकातले आधी सांगतो.

आपली माणसे नुसती ऐकत बसली नव्हती. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईला आले आणि दोनच वर्षांत, १८३१ साली, मोरभट दांडेकर त्यांच्याशी जाहीर वादाला उभे राहिले. तो वाद कित्येक संध्याकाळी चालला. 'हिंदुधर्मस्थापना' हे मोरभटांचे पुस्तक त्यातूनच निघाले. पुढे १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालीत असत. गर्दी अशी लोटे, की आज क्रिकेटच्या सामन्याची आठवण व्हावी.

परंतु सर्वांत खोल वाद झाला तो मुंबईत नव्हे. तो झाला संस्कृतमध्ये, आणि त्याचे मुख्य ठिकाण काशी.

जॉन म्यूर नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत होते. पेशाने ते मिशनरी नव्हते, पण धर्मनिष्ठ होते आणि संस्कृतवर त्यांचे मनापासून प्रेम होते. त्यांनी १८३९ साली 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ संस्कृत पद्यात लिहिला. गुरू आणि शिष्य यांचा संवाद, म्हणजे आपल्याच परंपरेतली मांडणी. खरा धर्म ओळखावा कसा, असे शिष्य विचारतो आणि गुरू तीन कसोट्या सांगतो. धर्मसंस्थापकाच्या ठिकाणी चमत्काराचे सामर्थ्य असावे, शास्त्र पवित्र असावे, आणि तो धर्म साऱ्या मनुष्यजातीसाठी असावा. या कसोट्या लावल्यावर कोणता धर्म उतरतो आणि कोणता नापास होतो, हे सांगायला नकोच. परीक्षक स्वतःच प्रश्नपत्रिका काढू लागला म्हणजे निकाल काय लागतो, हे आम्हां मास्तरांना ठाऊक आहे.

या ग्रंथाला तीन पंडितांनी संस्कृतमध्येच उत्तरे दिली. पहिले 'सोमनाथ' या नावाने त्याच वर्षी आले. हे सोमनाथ म्हणजे भोपाळजवळच्या सीहोरचे सुबाजी बापू, असे अभ्यासक मानतात. सुबाजी बापू हे आपले मराठी ज्योतिषी. पृथ्वी फिरते, हे त्यांनी मराठीत पुस्तक लिहून लोकांना समजावले. त्यांचा सूर समजुतीचा आहे. देवाने ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणे वेगवेगळे मार्ग दिले आहेत. तुमचा तुम्हांला बरा, आमचा आम्हांला बरा. मग ओढाताण कशाला? दुसरे उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे, १८४० सालचे. त्यांना समजूत घालण्याची मुळीच हौस नव्हती. त्यांनी सरळ दांडपट्टाच काढला.

तिसरे उत्तर आले ते वीस वर्षांच्या एका मुलाकडून. त्याचे नाव नीलकंठ गोरे.

नीलकंठशास्त्री १८२५ साली झाशीच्या बाजूला एका खेड्यात जन्मले. घराणे कोकणस्थ, पुढे काशीत स्थायिक झालेले. विष्णुबावांचे जन्मसालही तेच, ही एक गंमत. न्याय आणि वेदान्त त्यांनी लहान वयातच पचवले होते. काशीत मिशनरी रस्त्यात उभे राहून प्रवचने करीत. ते ऐकून या मुलाचे रक्त उसळले आणि १८४४-४५ साली त्याने 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. शंभरावर वर्षे तो पडून होता. उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेने १९५१ साली तो छापून काढला.

एम.ए.ला असताना हे सारे प्रथम माझ्या वाचनात आले. मी विद्यार्थी मराठीचा, संस्कृत जेमतेम. पण मी त्या मुलाच्या प्रेमातच पडलो. त्याने शिव्या दिलेल्या नाहीत. तो ख्रिस्ती शास्त्राच्या पोटात शिरतो आणि आतून प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न जन्माचा. तुमच्या मते जीवाला जन्म एकच. त्याच्या आधी जीव नव्हताच, देवाने तो नवा निर्माण केला. मग एक मूल धडधाकट आणि दुसरे रोगी का? ज्याने अजून बरेवाईट काहीच केलेले नाही, त्याला दुःख कशाचे? आम्ही म्हणतो, पूर्वकर्माचे. तुमच्याजवळ पूर्वकर्म नाही. तेव्हा एक तर तुमचा देव पक्षपाती आहे किंवा निर्दय आहे. आपल्या वेदान्तात या दोन दोषांना वैषम्य आणि नैर्घृण्य अशी जुनी नावे आहेत. ब्रह्मसूत्रांनी ते दोष ईश्वरावरून काढून टाकले आहेत ते कर्माच्याच आधाराने.

दुसरा प्रश्न मुक्या प्राण्यांचा. त्यांना अमर आत्मा नाही, पापपुण्य नाही, परलोकही नाही असे तुम्ही म्हणता. मग त्यांनी यातना का भोगाव्यात?

तिसरा प्रश्न नरकाचा. माणूस जगून जगून जगणार शंभर वर्षे. तेवढ्या अवधीत केलेल्या पापाला कधीही न संपणारी शिक्षा? आमचेही नरक भयंकर आहेत, पण तिथली शिक्षा भोगली की संपते आणि जीवाला पुन्हा संधी मिळते. आणि ज्यांच्या कानांवर ख्रिस्ताचे नावच कधी पडले नाही, त्यांची वाट काय?

वाचकहो, हे प्रश्न आजही बोथट झालेले नाहीत. खुद्द ख्रिस्ती पंडितांनी त्यांवर कितीतरी शाई खर्च केली आहे.

ही शस्त्रे हाती घेऊन मी नोकरीला लागलो. आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. ते वसईकडचे. घराणे कित्येक पिढ्यांचे कॅथलिक आणि मराठी माझ्यापेक्षा रसरशीत. एका दुपारी स्टाफरूममध्ये चहा घेता घेता मी विषय काढला आणि पहिला प्रश्न त्यांच्यापुढे टाकला. "तुमच्याकडे जन्म एकच ना सर? मग आंधळं जन्मलेल्या मुलाचा गुन्हा काय?"

ते थोडा वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, प्रश्न खरा आहे. मला उत्तर येत नाही."

बाकीच्या मंडळींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मी जिंकलो होतो. घरी येऊन ती हकीकत बायकोला दोनदा सांगितली. त्या वयात माणसाला असले विजय फार गोड लागतात.

पण नीलकंठशास्त्र्यांची पुढची गोष्ट मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितली नव्हती. ती मला स्वतःलाच अवघड जात होती.

ज्या धर्माचे खंडन करायला हा मुलगा बसला, त्याच धर्मात तो गेला. १८४८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जौनपूरला त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. पैशासाठी म्हणावे तर घर खाऊन पिऊन सुखी. अज्ञानाने म्हणावे तर ख्रिस्ती शास्त्राची त्याच्याइतकी उलटतपासणी त्या काळी काशीत दुसऱ्या कोणी केली असेल असे वाटत नाही. खंडन करण्यासाठी तो ते शास्त्र वाचीत गेला आणि वाचता वाचता त्यातच गुंतला. पाठीमागे आईवडील, घर, जात, सगळे तुटले. पत्नी नंतर त्याच्याकडे आली, पण १८५३ साली मुलगी जन्मल्यावर थोड्याच दिवसांत वारली. मुलगी परक्यांच्या घरी वाढली, पुढे इंग्लंडला गेली आणि एलन लक्ष्मी गोरे या नावाने इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री झाली.

नेहेम्या गोरे १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर विलायतेस गेले, परत आले. १८६० साली त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहून आपल्याच सहा दर्शनांवर हत्यार धरले. पुढे ते दीक्षित धर्मोपदेशक झाले. पुण्यात राहिले, प्रार्थनासमाजिस्टांशी वाद घातले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपल्या मनाचा निश्चय व्हायला गोऱ्यांचे लेखन कारण झाले, असे त्यांनी सांगितले आहे. मौज अशी, की रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतरही तिथल्या धर्मगुरूंचे सगळे सिद्धांत मुकाट्याने गिळले नाहीत. तीन जणांत एक देव हा त्यांचा त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या गळी उतरेना, आणि त्यावरून त्यांनी विलायतेत पत्रोपत्री वाद घातला.

आणि गोऱ्यांचे काय? न संपणाऱ्या नरकावर ज्यांनी विशीत हल्ला चढवला, त्यांनीच ख्रिस्ती झाल्यावर त्या सिद्धांताच्या बाजूने इंग्रजीत पुस्तिका लिहिली. पण ज्या मुद्द्याला माणूस पुन्हा पुन्हा उत्तर देत बसतो, तो त्याच्या मनातून गेलेला नसतो. शंकांनी त्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही. १८९५ साली मुंबईला त्यांनी देह ठेवला. टिळकांच्या बाप्तिस्म्याचे वर्षही तेच.

विशीत मला वाटे, हा माणूस हरला. नाही तर फितूर तरी झाला. आता मला तसे वाटत नाही. का, ते सांगायचे तर घरातल्या गोष्टीकडे यावे लागते.

आमचा पहिला मुलगा जन्मतःच हृदयात दोष घेऊन आला होता. डॉक्टरांनी जे करता येण्यासारखे होते ते सगळे केले. तो सात महिने आमच्याकडे राहिला. रडताना त्याचे ओठ निळे पडत, म्हणून त्याला रडू द्यायचे नाही, अशी आज्ञा होती. त्यामुळे आम्ही दोघे आळीपाळीने रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन फिरत असू. एके पहाटे फिरवायला कोणी उरले नाही.

भेटायला माणसे येत होती. तिसऱ्या दिवशी माझी थोरली आत्या आली. बायकोजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुनबाई, रडू नकोस. मागच्या जन्मीचे भोग असतात. तेवढे भोगायला येतो जीव, आणि संपले की जातो."

बायकोने मान वर केली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच काही बोलली. म्हणाली, "कोणाचे, आत्या? त्याचे की माझे?"

आत्याला उत्तर सुचले नाही. आणि मला? शास्त्रतत्त्वविनिर्णयातले सारे युक्तिवाद तोंडपाठ असलेला मी दारात उभा होतो. माझ्याजवळचे सर्वांत धारदार शस्त्र, ज्याने मी स्टाफरूम जिंकली होती, ते माझ्याच बायकोला लागले होते. सात महिन्यांच्या पोराने कधी काळी, कुठल्या तरी जन्मात, असे काय केले असेल की त्याला रडण्याचीसुद्धा चोरी व्हावी? त्याला जे आठवत नाही त्याची शिक्षा त्याला? मिशनऱ्यांनी आपल्या पंडितांना विचारलेला हाच तो उलट प्रश्न. पुस्तकात वाचताना मी तो हसून उडवला होता.

अर्थशास्त्राचे मित्र त्याच संध्याकाळी आले. येताना त्यांनी बायकोच्या नावाने वरणभाताचा डबा आणला होता. ते तासभर बसले. एक वाक्यही सांत्वनाचे बोलले नाहीत. निघताना एवढेच म्हणाले, "वहिनी, दोन घास खाऊन घ्या. डबा मी उद्या न्यायला येतो." दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन गेले आणि भरलेला ठेवून गेले. असे दहा दिवस.

काही महिन्यांनी मी त्यांना विचारले, "त्या दिवशी माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नव्हतं. तुमच्या शास्त्रात आहे तरी काय?"

ते म्हणाले, "हाच प्रश्न शुभवर्तमानात आहे की. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसतो, तेव्हा शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो सांगतो, कोणाचंच नाही. देवाचं काम याच्या ठिकाणी दिसावं म्हणून हा असा आहे. आणि मग त्याला दृष्टी देतो."

मी दचकलो. आमच्या ओटीवर बायकोने विचारलेला प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी विचारून ठेवला होता. पण माझ्यातला जुना वादी अजून पुरता मेलेला नव्हता. मी म्हणालो, "उत्तराचा पहिला भाग मोठा आहे सर. पाप कोणाचंच नाही, एवढं त्या दिवशी कोणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं. पण दुसरा भाग? देवाचं काम दिसावं म्हणून एका जीवाला अर्धं आयुष्य अंधारात ठेवायचं? आणि ज्याला दृष्टी मिळालीच नाही त्याचं काय?"

"तो दुसरा भाग मलाही अवघड जातो," ते म्हणाले. "आणि तुम्ही आमचं अजून पुरतं ऐकलेलं नाही. माझ्या आजीचं ऐका."

त्यांच्या आजीचे एक मूल जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी गेले. बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता. जुन्या शिकवणुकीप्रमाणे प्रत्येक जीव आदिपाप घेऊन जन्मतो आणि ते बाप्तिस्म्याने धुतले जाते. मग न धुतलेले तान्हे मूल जाते कुठे? नरकात म्हणावे तर जीभ रेटत नाही, स्वर्गात म्हणावे तर नियम आड येतो. म्हणून मध्ययुगातल्या पंडितांनी मधली एक जागा काढली. तिला लिम्बो म्हणत. तिथे दुःख नाही, पण देवाचे दर्शनही नाही. आजीचे मूल पवित्र केलेल्या भूमीत पुरू दिले नाही. स्मशानाच्या कुंपणाबाहेर एका कोपऱ्यात पुरले. दरवर्षी २ नोव्हेंबरला त्यांच्याकडे मृतांचा स्मरणदिन असतो, थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आजी दोन मेणबत्त्या घेऊन जाई. एक आजोबांच्या थडग्यावर लावी आणि दुसरी कुंपणाबाहेर. जन्मभर तिला एकच चिंता होती, मी मेल्यावर तरी ते मला भेटेल की नाही?

"आणि भेटणार की नाही?" मी विचारले. वाद करण्यासाठी नव्हे. मला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"२००७ साली रोमच्या धर्मपंडितांच्या मंडळाने या प्रश्नावर लेख काढला, पोपच्या संमतीने. त्यात म्हटलं आहे की लिम्बो हा काही श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत नव्हता, आणि अशा बालकांचा उद्धार होईल अशी आशा बाळगायला सबळ कारणं आहेत. खात्री दिलेली नाही, आशा दिली आहे." मग थोडे थांबून म्हणाले, "आजी गेली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती."

त्या संध्याकाळी आम्ही दोघेही फार बोललो नाही. माझ्या धर्मातल्या शहाण्यांनी देवाचा न्याय वाचवण्यासाठी जे उत्तर काढले, ते एका आईला लागले. त्यांच्या धर्मातल्या शहाण्यांनी आपला नियम वाचवण्यासाठी जे उत्तर काढले, ते दुसऱ्या एका आईने जन्मभर कुंपणाबाहेर वागवले.

मग दोन्हीकडचे शास्त्र टाकाऊच का? तसे म्हणवत नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात, अगदी आरंभीच, गौतमी नावाच्या वृद्ध ब्राह्मण स्त्रीची कथा आहे. तिचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा व्याध त्या सापाला दोरीने बांधून तिच्यापुढे आणतो आणि विचारतो, याला जाळू की तुकडे करू? गौतमी म्हणते, याला मारून माझा मुलगा परत येणार नाही, सोड त्याला. व्याध ऐकत नाही. साप म्हणतो, मी मृत्यूच्या आज्ञेने चावलो. मृत्यू येऊन म्हणतो, मी काळाच्या आज्ञेने वागलो. शेवटी काळ येतो आणि सांगतो, आम्ही कोणीच नव्हे. या मुलाचे कर्मच याला कारण झाले. गौतमी ते मान्य करते, त्यात आपलेही कर्म मिळवते आणि सापाला सोडायला लावते.

ही कथा मी कितीदा तरी वाचली होती. मुलगा गेल्यावर वाचली तेव्हा एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरली. कर्माचा सिद्धांत इथे दुःखी आई स्वतःच्या तोंडाने स्वीकारते, आणि कोणाला तरी सोडून देण्यासाठी स्वीकारते. त्याच सिद्धांताने साप सुटला. दुसऱ्या कोणी येऊन तो तिच्या पदरात टाकला असता, तर तोच साप तिला पुन्हा चावला असता.

आत्याचाही मग मला राग उरला नाही. पुष्कळ दिवसांनी वडिलांकडून कळले की तिची स्वतःची दोन मुले तान्हेपणीच गेली होती. ती कधी त्याविषयी बोलत नसे. त्या एका वाक्याच्या आधाराने ती उभी राहिली होती, आणि जे तिला उपयोगी पडले तेच तिने आमच्या हातांत दिले. तिचा हेतू वाईट नव्हता. ज्या आधारावर ती स्वतः चालली तो दुसऱ्याला पेलेलच असे नाही, एवढेच तिला उमगले नाही. मीही ते स्टाफरूममध्ये कुठे ओळखले होते? समोरच्या माणसाच्या घरी कुंपणाबाहेर लावलेली एक मेणबत्ती आहे, हे त्या दुपारी मला ठाऊक नव्हते. आणि त्यानेही ते मला सांगून माझा विजय नासवला नाही.

आता नीलकंठशास्त्र्यांकडे पाहताना मला त्यांची हार दिसत नाही आणि मिशनऱ्यांची जीतही दिसत नाही. निरपराध जीवाला दुःख का, हा प्रश्न त्यांनी काशीत हातात घेतला. धर्म बदलला, नाव बदलले, पण तो प्रश्न त्यांना काही खाली ठेवता आला नाही. दोन्ही घरांत राहून त्यांनी तो दोन्ही घरांना विचारला. म्यूरसाहेबांचेही असेच काहीसे झाले असावे. उतारवयात ते संस्कृतातली सुभाषिते वेचून इंग्रजी पद्यात आणीत बसले होते. ज्या वाङ्मयाला त्यांनी एके काळी परीक्षेत नापास केले, त्याच्याच सेवेत त्यांचे आयुष्य गेले. एडिंबरोच्या विद्यापीठात संस्कृतचे अध्यापनपद त्यांच्याच देणगीतून निघाले.

तेव्हा सुट्टीनंतर त्या मुलाला काय सांगू?

सांगेन, विचारले रे बाबा, आपल्या माणसांनी विचारले. मुंबईच्या वाळूत उभे राहून विचारले, काशीत श्लोक रचून विचारले आणि असे नेमके विचारले की पुढच्या मंडळींना अजून त्याची उत्तरे शोधावी लागतात. त्याचा अभिमान जरूर बाळग. दुसऱ्याच्या धर्मातले जे पटत नाही ते पटत नाही म्हणून सांगायला भिऊ नकोस. न पटणारी गोष्ट गोड हसून टाळणे, हा काही आदर नव्हे. पण जो प्रश्न त्यांच्या दारात टाकशील, तो परत येऊन आपल्या ओटीवर बसतो, हे ध्यानात ठेव. आणि विचारण्यापूर्वी त्या घरात कोणी गेलेले नाही ना, एवढे पाहत जा.

तो मुलगा ऐकेल की नाही, देव जाणे. विशीत मी ऐकले नसते.

आमची मुलगी आता शाळेत जाते. भावाचा फोटो आम्ही भिंतीवर लावलेला नाही, पण तो होता हे तिला ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बायको पणत्या मोजून लावते आणि एक पणती स्वयंपाकघराच्या खिडकीत, कोणाला दिसणार नाही अशी ठेवते. मी विचारत नाही, ती सांगत नाही. अर्थशास्त्राचे मित्र सहकुटुंब फराळाला येतात. त्यांना चकली आवडते, आणि नाताळात त्यांच्या घरून आमच्याकडे केक येतो. परवाच म्हणत होते, यंदा २ नोव्हेंबरला गावी जाणार आहेत. कुंपण पूर्वीच्या जागी राहिलेले नाही, स्मशानभूमी वाढवताना ते मागे सरकवले. आजीचा कोपरा आता आत आला आहे.